ऐकलेले सांगावे कसे?

यंदाच्या श्रीदत्तजयंती अंकासाठी 'श्रवण' या विषयावर काही लिहून द्या, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मला संकोचच वाटला. नवविधा भक्तीत श्रवणाचं स्थान पहिलं. श्रीसमर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीलाच दिला आहे. त्यावर अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मी आयुष्यभर बँकेत कॅशियर. गाणं शिकलो नाही, फक्त ऐकत आलो. तेव्हा मी लिहितो आहे ते आपल्या सभामंडपातल्या गुरुवारच्या बैठकीबद्दल आणि त्या बैठकीत माझ्या हातून जे घडलं त्याबद्दल.

बऱ्याच जणांना ही बैठक ठाऊक आहे. संध्याकाळची आरती झाली की शेजारतीपर्यंत तासभर मोकळा असतो. त्या वेळात आम्ही सात-आठ म्हातारी माणसं सतरंजी टाकून बसतो आणि जुन्या शास्त्रीय गाण्याचं एखादं रेकॉर्डिंग ऐकतो. मग ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगायचं. सुरुवातीला माझ्याकडचा टेपरेकॉर्डर होता. कॅसेटी बुरसल्या, पट्ट्या चिकटू लागल्या, तेव्हा नातवानं मोबाइल आणि एक छोटा डब्यासारखा स्पीकर आणून दिला. आता सगळं त्यावरच चालतं.

बैठकीत पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा आहेत, वय एकोणऐंशी. फुलांच्या माळा करणाऱ्या माई आहेत. गुरुजी आहेत, निवृत्त मास्तर आहेत आणि दोघे-तिघे येऊन-जाऊन. गाण्यातलं 'कळणारा' मी एकटा, असा माझा समज होता. त्यामुळे रेकॉर्ड लावण्याआधी माझं प्रवचन ठरलेलं. गायक कोण, घराणं कुठलं, गुरू कोण, तबकडी कुठल्या कंपनीची, सगळं सांगून झालं की मग गाणं. तीन मिनिटांच्या गाण्याला माझी वीस मिनिटं! आणि गाणं संपलं की लोक काय बोलायचे? मी आधी जे सांगितलं तेच. "खरंच हो, किराणा घराण्याचा सूर काही वेगळाच!" मला धन्य वाटायचं.

आता हे तीन मिनिटांचं काय प्रकरण आहे, ते नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे गाण्याचं ध्वनिमुद्रण 1902 मध्ये कलकत्त्यात सुरू झालं. फ्रेड गेसबर्ग नावाचे साहेब विलायतेहून यंत्र घेऊन आले आणि त्यांनी गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचं गाणं मुद्रित केलं. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, पूर्ण ताकदीनं गायचं. लाखेच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत भरायची. तेवढ्यात राग उभा करायचा, चीज म्हणायची, ताना घ्यायच्या आणि संपवायचं. गाणं झालं की गौहरजान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. त्या तबकड्या तयार व्हायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना हे गाणं कोणाचं ते कळावं, म्हणून ही व्यवस्था. 1925 नंतर मायक्रोफोन आला आणि गाणाऱ्याला ओरडायची गरज उरली नाही. हळुवार गळ्याच्या गायकांचं त्यात फार भलं झालं.

अशा हळुवार गळ्याचे गायक म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तरेतल्या कैराना गावचा, पण पुढे मिरजेत राहिले आणि आपलेच झाले. 1937 मध्ये दक्षिणेत पाँडिचेरीकडे जाताना वाटेत सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनावर त्यांचं देहावसान झालं. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दर उरुसाला तिथे गायक-वादक हजेरी लावतात. मिरज आमच्यापासून एस.टी.नं अर्ध्या तासावर. माझे वडील मला लहानपणी तिथे घेऊन गेले होते. त्यामुळे खाँसाहेबांबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की मला ते घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं लागतं. हे एवढं सांगितलं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

गेल्या आषाढातल्या एका गुरुवारी मी त्यांची झिंझोटीतली ठुमरी लावली. 1930 च्या दशकातली ती रेकॉर्ड फार प्रसिद्ध आहे. गदगला भीमसेन जोशींनी अकराव्या वर्षी हीच रेकॉर्ड ऐकली आणि गुरूच्या शोधात ते घर सोडून गेले, असं सांगतात. मी हेही आधीच सांगून टाकलं होतं. रेकॉर्ड संपली. मास्तर म्हणाले, "वा!" माई गप्प होत्या. आणि अण्णा म्हणाले, "सूर हलतोय रे. लांब सूर लावला की तो थरथरतो, फाटल्यासारखा होतो. खाँसाहेबांचं त्या दिवशी काही बरं नसेल."

खाँसाहेबांचा सूर हलतोय! ज्या माणसाच्या सुरावर सगळं घराणं उभं राहिलं, त्याचा? मी एकदम म्हणालो, "अण्णा, बिघाड खाँसाहेबांच्या सुरात नाही. तुमच्या कानात आहे."

मंडपात कुणी बोलेना. अण्णांनी काठी घेतली, महाराजांना हात जोडले आणि निघून गेले. पुढचे तीन गुरुवार ते आले नाहीत.

पहिल्या गुरुवारी मला वाटलं, येतील. दुसऱ्या गुरुवारी वाटलं, न का येईनात. तिसऱ्या गुरुवारी माई माळ ओवता ओवता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्यांना बोललात ते बरं नाही केलं. त्यांना जे ऐकू आलं तेच त्यांनी सांगितलं. आम्ही बाकीचे तुम्हाला आवडेल ते सांगतो." हे ऐकून मी काही उत्तर दिलं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

योगायोग असा की त्या महिन्यात गुरुजींची पोथी एकनाथी भागवताच्या आठव्या-नवव्या अध्यायात होती. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, तो भाग. आपण सारे तो लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात कानाशी संबंध असलेले गुरू बघा. एक हरिण. गाण्याला भुलतं आणि पारध्याच्या हाती सापडतं. एक बाण करणारा कारागीर. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला, की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. आणि एक कुमारिका. घरी पाहुणे आले, ती आत भात कांडायला बसली, तर हातातल्या कांकणांचा आवाज होऊ लागला. घरचं दारिद्र्य पाहुण्यांना कळू नये म्हणून तिनं एकेक कांकण उतरवलं. दोन राहिली तरी वाजतच होती. एक राहिलं तेव्हा आवाज थांबला.

गुरुजींनी ही कथा एकांताच्या अंगानं लावली, आणि ती तशीच आहे. पण माझ्या मनात भलतंच आलं. गुरुवारच्या बैठकीत सगळ्यात जास्त कांकणं माझ्या हातात आहेत. घराणं वाजतंय, साल वाजतंय, कंपनी वाजतेय. त्या आवाजात खाली बसलेल्या माणसांना खाँसाहेब ऐकू तरी कसे येणार? पोथीचा अर्थ असा आपल्या सोयीनं लावू नये हे मला मान्य आहे. पण मला त्या दिवशी तो तसा लागला खरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या घरी गेलो. सूनबाईंनी दार उघडलं. अण्णा झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. मी नमस्कार केला तरी त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं राग आहे. जवळ गेलो, तर दचकले. त्यांना मी आलेला कळलाच नव्हता. कानात काहीच नव्हतं, आणि शेजारच्या स्टुलावर एका छोट्या डबीत कानाचं मशीन काढून ठेवलेलं.

ते मशीन त्यांनी ज्येष्ठात घेतलं होतं आणि आमच्यापैकी कुणाला सांगितलं नव्हतं. "लाज वाटली रे," म्हणाले. "तुम्ही सगळे गाण्याबद्दल बोलायचे, मला निम्मं कळायचं नाही. मशीन घेतलं. बोलणं कळू लागलं. पण गाणं लावलं की सूर थरथरायला लागला. मला वाटलं रेकॉर्डच तशी असेल. तू म्हणालास कानात बिघाड आहे. बरोबरच आहे तुझं."

मी बरोबर होतो, आणि याहून वाईट काही मला त्या दिवशी कुणी सांगितलं नसतं.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं मिरजेला कानाची तपासणी करणाऱ्या एका मॅडमकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वय झालं की कान सगळीकडून सारखा मंद होत नाही. वरचे, बारीक आवाज आधी जातात. स, श, फ, त ही अक्षरं बारीक आवाजाची, म्हणून म्हातारा माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." घरच्यांना वाटतं लक्ष देत नाहीत. कानाचं मशीन मुळात बोलणं कळावं म्हणून बनवलेलं असतं. आता या मशीनला एक खोड असते. त्याचाच आवाज परत त्याच्या आत शिरला की ते शिट्टी मारतं. ती शिट्टी बंद करण्यासाठी आत एक युक्ती बसवलेली असते: एकच सूर बराच वेळ सरळ ऐकू आला, की मशीन समजतं ही माझीच शिट्टी, आणि ते तो सूर मोडायला लागतं. बोलण्यात असा लांब सूर येत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. पण गाण्यात, बासरीत, तंबोऱ्यात येतो. मग स्थिर सूर थरथरल्यासारखा, दुहेरी झाल्यासारखा ऐकू येतो.

म्हणजे बघा, गाणारा जितका सच्चा, सूर जितका निश्चल, तितका मशीनला त्याचा संशय जास्त! अण्णांना थरथर ऐकू आली ती खाँसाहेबांचा सूर इतका सरळ होता म्हणूनच. मी घराण्याची एवढी प्रवचनं दिली, पण खाँसाहेबांच्या सुराचा असा दाखला मला कधी सुचला नसता.

मॅडमनी मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळी सोय करून दिली. एक बटण दाबलं की शिट्टी मोडण्याची ती युक्ती सौम्य होते. सगळ्याच मशीनमध्ये ही सोय असते असं नाही, पण ज्यांना गाणं-भजन ऐकायची आवड आहे त्यांनी मशीन घेतानाच स्पष्ट विचारावं. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला टीव्हीवरच्या बातम्या ऐकू आल्या की झालं, असं सगळे धरून चालतात. परतताना एस.टी.त अण्णांनी आणखी एक शोध लावला. त्यांना नव्या, चकचकीत रेकॉर्डिंगपेक्षा जुन्या तबकड्या बऱ्या ऐकू येतात. मला यात तथ्य वाटतं. त्या तबकड्यांत वरचे बारीक आवाज मुळातच फारसे उतरलेले नाहीत. तेव्हा जे तबकडीत नाही तेच अण्णांच्या कानातही नाही, आणि दोघांचं जमतं. "आम्ही दोघं एका काळातले," अण्णा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

तेव्हापासून बैठकीची रीत बदलली. रेकॉर्ड लावायची, कोण गातंय ते सांगायचं नाही. मीही नाही. संपल्यावर एक मिनिट गप्प बसायचं. मग प्रत्येकानं कानाला जे लागलं ते एकच सांगायचं. पुस्तकातलं नको, दुसऱ्याचं नको. मग तीच रेकॉर्ड पुन्हा. आणि त्यानंतर माझ्यासारख्यानं माहिती सांगायची असेल तर सांगावी, थोडक्यात. पहिले दोन गुरुवार हे फार अवघड गेलं. मास्तर म्हणायचे, "छान होतं," आणि थांबायचे. छान म्हणजे काय, कुठं छान, हे सांगायला त्यांना शब्द सापडेना. माझंही तेच. मला नावं पाठ होती, पण नुकतंच ऐकलेलं गाणं मनात ठेवून त्यातली एक जागा सांगायची म्हटलं की पंचाईत!

माईंना मात्र ते पहिल्या दिवसापासून जमलं. एकदा मी कुमार गंधर्वांचं कबीराचं एक निर्गुणी भजन लावलं, अवधूताला हाक मारून सुरू होणारं. नाव सांगितलं नव्हतं. माई म्हणाल्या, "हा माणूस लांब श्वास घेत नाही. एवढंसं म्हणतो नि थांबतो. दाराबाहेर उभं राहून हाक मारावी आणि आतून कोणी ओ देतंय का ते ऐकावं, तसं." मी थक्क झालो. मग मी सांगितलं: बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी ऐन तारुण्यात क्षयानं आजारी पडले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला जाऊन राहिले. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या गावातून फिरणाऱ्या साधू-फकिरांची भजनं कानावर पडायची, त्यांतूनच ही निर्गुणी भजनं त्यांच्या गाण्यात आली. पुढे गायला उभे राहिले ते छोट्या छोट्या स्वरवाक्यांनी. माईंनी हे काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त श्वास ऐकला. हीच माहिती मी आधी सांगितली असती, तर त्या म्हणाल्या असत्या, "बिचारे! आजारी होते नाही?" आणि तो दार ठोठावणारा माणूस त्यांना दिसला नसता.

माहिती वाईट नव्हे, हे मला ठासून सांगायचंय, नाहीतर माझ्या तोंडचं सगळं कामच जायचं! मागून आलेली माहिती गाण्याला धरून राहते, इतकंच.

अण्णा परत आले ते श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी. स्पीकरच्या अगदी जवळ त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. मशीनवरचं बटण दाबलं, मग काय वाटलं कोण जाणे, मशीन काढून खिशात टाकलं आणि स्पीकरवर पालथा हात ठेवून बसले. म्हणाले, "आज असंच."

मी लावली होती केसरबाई केरकरांची भैरवी. अर्थात नाव सांगितलं नाही. साडेतीन मिनिटं तो खुला, भरदार आवाज मंडपात फिरत राहिला. समईची वात कमी झाली होती, ती गुरुजींनी उठून सारली नाही. संपल्यावर आम्ही गप्प बसलो. मास्तर म्हणाले, "ही बाई कुणाची भीड ठेवणारी नव्हे." हे मास्तरांचं पहिलं खरं वाक्य. माई म्हणाल्या, "आवाजात कुठं काठ नाही." अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोठ्यानं, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं म्हणाले, "मी श्वास शोधत होतो. हाताला सूर लागतोय, ठेका लागतोय. बाईंनी श्वास कुठं घेतला ते काही सापडलं नाही."

मग मी त्यांच्या कानाशी जाऊन माहिती सांगितली. गोव्यात फोंड्याजवळच्या केरीच्या या केसरबाई. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली. रेडिओपासून त्या दूर राहिल्या, रेकॉर्डही मोजक्याच दिल्या. 1977 मध्ये अमेरिकेनं 'व्हॉयेजर' नावाची दोन यानं अंतराळात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेवली आहे. पृथ्वीवरच्या माणसांचं संगीत, आवाज, नमस्कार त्यात आहेत. संगीताचे सत्तावीस नमुने, आणि त्यांत भारताची एकच रेकॉर्ड, हीच भैरवी. ती मिळवायला त्या लोकांना फार हिंडावं लागलं. शेवटी न्यू यॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. दुसरं यान 5 सप्टेंबरला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या यानानं 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावाचं क्षेत्रही ओलांडलं आणि ते अजून पुढेच चाललं आहे.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. किती ऐकू आलं असेल कुणास ठाऊक. मग विचारलं, "तिकडं ही वाजतेय का आत्ता?"

"नाही अण्णा. तबकडी नुसती ठेवलेली आहे. सोबत सुई आहे, कशी वाजवायची त्याची चित्रं कोरलेली आहेत. कुणाला सापडली तर त्यानं वाजवायची."

"म्हणजे आत्ता इथंच वाजतेय," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा स्पीकरवर हात ठेवला. "लाव. श्वास राहिलाय अजून."

शेजारतीला पाच मिनिटं होती. मी परत लावली.